लालचिठ्ठ्यांच्या घरची लाल चिठ्ठी

कारखान्यात त्यांचं खरं आडनाव फक्त हजेरीच्या यंत्राला ठाऊक होतं. बाकी सगळ्यांसाठी ते लालचिठ्ठे. पाण्याच्या पंपांचे सुटे भाग बनवणाऱ्या त्या कारखान्यात ते एकतीस वर्षं तपासनीस होते. लेथवरून नग उतरला की आधी त्यांच्या टेबलावर यायचा. मापात बसला तर पुढं, नाही बसला तर त्याच्या गळ्यात लाल चिठ्ठी. केसाच्या निम्म्या जाडीचा फरक असला तरी चिठ्ठी, आणि नग खुद्द मालकांच्या जावयानं घडवला असला तरी चिठ्ठी. जावयाला एकदा लेथ चालवायची हौस आली होती. चिठ्ठी मिळाली. पुन्हा हौस आली नाही.

त्या चिठ्ठीवर माथ्याला चूक करणाऱ्याचं नाव आणि खाली चार ओळी असत. काय हवं होतं, काय झालं, का झालं, आणि पुढं काय. तळाला एक रिकामी चौकट असे, चिठ्ठी बंद करणाऱ्याच्या सहीसाठी. या चौकटीचा नियम लालचिठ्ठ्यांनी स्वतः घालून दिलेला. ज्याची चूक, त्यानं आपली चिठ्ठी आपण बंद करायची नाही. तेच काम पुन्हा करून दाखवायचं, ते दुसऱ्यानं तपासायचं आणि बरोबर निघालं तर त्या दुसऱ्यानं सही करायची. आपली पाठ आपणच थोपटायला माणूस केव्हाही तयार असतो, असं त्यांचं म्हणणं.

अशा माणसाच्या पोटी एकच मुलगी, ठकू. लहानपणी बुटकी आणि गुबगुबीत म्हणून पडलेलं नाव, पुढं ती आईपेक्षा चार बोटं उंच झाली तरी चिकटून राहिलं. ठकूला यंत्रं आखायची होती. वडील ज्या ड्रॉइंगवरून नग तपासत, त्याच्या खालच्या कोपऱ्यात आखणाऱ्याची सही असते. तिसरीत असताना तिनं त्या सहीवर बोट ठेवून विचारलं होतं, "बाबा, हे कोण?"

"ते मोठे लोक. त्यांनी आखायचं, आम्ही तपासायचं."

"मग मी इथं," असं म्हणून ती खेळायला पळाली. लालचिठ्ठ्यांनी ते ड्रॉइंग दुसऱ्या दिवशी कारखान्यात परत नेलं, पण ते वाक्य घरीच ठेवून घेतलं.

यंत्रांचं आरेखन शिकवणारी चांगली संस्था एकच. तिची प्रवेशपरीक्षा दोनशे प्रश्नांची, एका प्रश्नाला एक गुण, आणि ती आयुष्यात दोनदाच देता येते. पहिल्या खेपेला ठकू अकरा गुणांनी हुकली. एकशे बेचाळीसवर प्रवेश थांबला, तिला एकशे एकतीस.

बातमीला पाय असतात, आणि कारखान्यात तर चाकं. सकाळच्या पाळीला फोरमन टेबलाशी येऊन उभा राहिला. गेल्या एकतीस वर्षांत सगळ्यांत जास्त लाल चिठ्ठ्या त्याच्याच विभागाला मिळालेल्या, त्यामुळे त्याचा आवाज दुःखाचा असला तरी डोळे चांगलेच हसत होते.

"काय हो लालचिठ्ठे, पोरीलाच लाल चिठ्ठी लागली म्हणे?"

लालचिठ्ठ्यांनी हातातला नग मापाच्या गेजमध्ये घातला, काढला, पुन्हा घातला. तो मापात होता. पण त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागलं नाही.

तसं पाहिलं तर ठकूनं कष्टात कसूर केली नव्हती. दिवसाचे चौदा तास ती पुस्तकाला चिकटलेली असायची. क्लास होता. भिंतीवर वेळापत्रक होतं, तेही दोन रंगांत. पुस्तकाची पानं तिनं इतकी रंगवली होती की न रंगवलेली ओळच उठून दिसायची. निकालानंतर आठ दिवस ती खोलीतून फारशी बाहेर आली नाही. नवव्या दिवशी बाहेर येऊन म्हणाली, "क्लासमध्ये सर सोडवायचे आणि मला सगळं कळायचं. घरी एकटी बसले की हात चालत नसे. वर्षभर मी दुसऱ्याचं पोहणं बघितलं, बाबा. यंदा क्लास नको. मी घरीच करते."

"एकटी?" आईनं विचारलं.

"एकटी."

आईनं नवऱ्याकडे पाहिलं. ही शेवटची खेप. यंदा हुकलं तर त्या संस्थेचं दार कायमचं बंद, आणि ड्रॉइंगखालची सहीही. घरात हे कुणी बोललं नाही, कारण तिघांनाही ते पाठ होतं.

लालचिठ्ठे उपदेश करणाऱ्यांतले नव्हते. उपदेश म्हणजे माप नसलेला नग, असं ते मानत. शनिवारी ते कामावरून येताना लाल कार्डपेपर घेऊन आले आणि कात्री घेऊन बसले. कारखान्यात चिठ्ठ्यांचे गठ्ठे पडलेले असायचे, पण त्यातली एक जरी घरी आणली तरी ती चोरीच, म्हणून त्यांनी दोनशे चिठ्ठ्या स्वतः कापल्या, चार ओळी आखल्या, तळाला चौकट काढली. मग तो गठ्ठा ठकूच्या टेबलावर ठेवून म्हणाले, "मागच्या वर्षीचे वाया गेलेले नग कुठे आहेत?"

"नग?"

"चुकलेली उत्तरं गं."

"ते सराव-पेपर? रद्दीत टाकले."

लालचिठ्ठ्यांचा चेहरा असा झाला, की जणू मुलीनं घरातलं सोनंनाणं रद्दीत घातलंय. "अगं, चांगला नग गिऱ्हाईक घेऊन जातं. वाया गेलेला तेवढा आपल्याकडे राहतो, आपल्याला शिकवायला. आणि तू तोच टाकलास?"

ठकूनं नवा सराव-पेपर सोडवला. चाळीस चुकांना चाळीस चिठ्ठ्या भरल्या आणि मोठ्या आशेनं वडिलांपुढे ठेवल्या. 'का झालं' या ओळीत चाळीसपैकी सदतीस ठिकाणी एकच शब्द होता. घाई. वडिलांनी चष्मा पुसला आणि सदतीसच्या सदतीस चिठ्ठ्या परत केल्या.

"घाई हे कारण नाही, निमित्त आहे. घाईत तुझ्या हातानं काय केलं, ते लिही."

"बाबा, मी तुमच्या लेथवरची कामगार नाही!"

"नाहीसच. कामगाराला मी एवढं समजावत नाही."

ती पाय आपटत गेली. आईनं "पोरीला पण सोडू नका तुम्ही!" असं सुनावलं. पण तासाभरानं ठकू एक चिठ्ठी घेऊन परत आली. 'का झालं: प्रश्न अर्धाच वाचला आणि पर्यायांकडे पळाले. पुढं काय: पर्याय तळहातानं झाकायचे, उत्तर आधी काढायचं, मग हात उचलायचा.' लालचिठ्ठ्यांनी ती दोनदा वाचली. "ही झाली चिठ्ठी," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं कौतुक ऐकायला कारखान्यात लोकांना पाच-सहा वर्षं लागत.

महिन्याभरात ठकूच्या लक्षात आलं, की चुका दिसायला दीडशे असल्या तरी त्यांच्या जाती सहाच आहेत. तीच सहा चोरटी मंडळी रोज वेगळे कपडे घालून यायची. तिनं चिठ्ठ्या जातीनुसार चपलांच्या खोक्यात लावल्या. एखादा प्रश्न आज चुकला तर तो तीन दिवसांनी पुन्हा, मग दहा दिवसांनी, मग महिन्यानं कोऱ्या कागदावर सोडवायचा, आणि तिन्ही वेळा बरोबर आला तरच चिठ्ठी बंद. सही आईची. नियम म्हणजे नियम.

मग आला डबा. ठकू धडा संपला की त्याच धड्याची गणितं करायची आणि ती पटापट यायची. लालचिठ्ठ्यांनी दोन दिवस पाहिलं.

"पेटीतले वरचे दहा नग बघून मी अख्खी पेटी पास केली तर काय होईल?"

"फोरमन खूश होईल."

"हो, कारण वर चांगलेच नग रचलेले असतात. मी हात तळापर्यंत घालतो. वरून एक, मधून एक, कोपऱ्यातून एक."

तेव्हापासून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात सगळ्या धड्यांचे प्रश्न चिठोऱ्यांवर लिहून पडले. रोज डबा हलवायचा आणि हात तळापर्यंत घालायचा. पहिल्या आठवड्यात ठकूची पुरती दाणादाण उडाली. पुढं कुठला धडा आहे हे माहीत नसतानाच खरी परीक्षा असते, हे तिला कळलं, आणि तिनं डब्याशी दोस्ती केली.

आईचा वाटा वेगळाच. ती मोठ्या इस्पितळात टेलिफोनच्या बोर्डावर बसायची. दिवसाला शेकडो आवाज कानावरून जायचे, आणि कोण खरं बोलतंय, कोण घाबरलंय, कुणाला नक्की काय हवंय तेच ठाऊक नाही, हे तिला 'हॅलो'वरून कळायचं. गणिताशी तिचं नववीपासून बोलणं बंद होतं. पण संध्याकाळी भाजी चिरताना ती म्हणे, "हं, सांग आज काय केलंस. पुस्तक तिकडे ठेव." ठकू सांगू लागे. मध्येच आईची सुरी थांबे.

"हे तुला येत नाही."

"आई, तुला कळलं तरी का मी काय म्हणाले ते?"

"काही नाही कळलं. पण तुझा आवाज आत गेला."

आणि पुस्तक उघडून पाहिलं तर खरंच तिथं घोळ असायचा. एवढी स्वस्त आणि मस्त तपासणी कुठल्या क्लासात मिळणार होती?

चौदा तासांचे सहा तास झाले, तेही कारखान्यासारखे. पन्नास मिनिटं काम, मग भोंगा आणि दहा मिनिटं सुट्टी, आणि रात्री वेळेवर झोप. "लेथसुद्धा सलग चालवला की तापतो आणि माप सोडतो," असं वडील म्हणत. शेजारपाजारचे चुकचुकले. फोरमन म्हणाला, "क्लास लावा हो, घरात बसून कुणी कलेक्टर झालंय का?" लालचिठ्ठ्यांनी त्याला त्या दिवशी दोन चिठ्ठ्या दिल्या. दोन्ही रास्त होत्या, पण देताना त्यांना बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे.

दर रविवारी सकाळी दहाला सराव-पेपर. खऱ्या परीक्षेची वेळ तीच, म्हणून. खुर्ची बिनगादीची, फोन काढून ठेवलेला, मध्ये उठायचं नाही. एकला पेपर संपला की लालचिठ्ठे तपासायला बसत. त्यांची पद्धत एकतीस वर्षांची. आधी शिसपेन्सिलनं खुणा, मग मोजणी, मग पुन्हा पाहून शाईनं. ठकू समोर बसून राही.

गुण चढत गेले. एकशे एकोणतीस, एकशे चौतीस, एकशे अडतीस. आणि तिथं गाडी अडली. एकशे एकोणचाळीस, एकशे सदतीस, पुन्हा एकशे एकोणचाळीस. बेचाळीसची रेघ समोर दिसत होती आणि पाऊल काही पलीकडे पडत नव्हतं. पाच रविवार असे गेले. ठकूचं जेवण कमी झालं. ती नखं खायला लागली. ही सवय तिनं चौथीत सोडली होती.

सहाव्या रविवारी लालचिठ्ठ्यांनी पेन्सिलनं पेपर तपासला आणि मोजलं. एकशे चाळीस. त्यांनी मान वर केली. ठकू त्यांच्या चेहऱ्यावरून गुण वाचायचा प्रयत्न करत होती आणि तिचा अंगठा दातात होता. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. लालचिठ्ठ्यांनी मान खाली घातली, खोडरबर घेतलं, शाईचं पेन उघडलं.

"एकशे त्रेचाळीस," ते म्हणाले.

ठकू किंचाळलीच. आई पदर सावरत बाहेर आली आणि दोन मिनिटांत ही बातमी इमारतीच्या तिन्ही मजल्यांवर गेली. त्या दुपारी ठकू दोन घास जास्त जेवली, नंतर गाढ झोपली. लालचिठ्ठे मात्र त्या दिवशी हात तीनदा धुऊन आले.

गुरुवारी संध्याकाळी ते कामावरून परतले तेव्हा ठकू दाराशीच उभी होती. तिच्या एका हातात रविवारचा पेपर होता, दुसऱ्यात कोरी लाल चिठ्ठी.

"बाबा, आज डब्यातून रविवारचा एक प्रश्न निघाला. पुन्हा सोडवला तर उत्तर वेगळंच आलं. म्हणून पेपर काढून बघितला." तिनं पेपर खिडकीच्या उजेडात धरला. "इथं बरोबरची खूण आहे, शाईची. तिच्याखाली फुली आहे, पेन्सिलची. खोडलेली. अशा तीन आहेत."

लालचिठ्ठे जेवणाचा डबा हातात धरून तसेच उभे राहिले. एकतीस वर्षं ज्या नजरेनं ते लोकांच्या नगाकडे पाहत आले, तीच नजर आज त्यांच्यावर रोखलेली होती, आणि ती त्यांच्याच घरची होती.

"बसा," ठकू म्हणाली. "भरा."

ते बसले. पहिल्या दोन ओळी सरळ होत्या. काय हवं होतं: तीन फुल्या. काय झालं: तीन चुकलेले नग पास. तिसऱ्या ओळीशी पेन अडलं. मग त्यांनी लिहिलं, 'लक्ष नव्हतं.'

ठकूनं चिठ्ठी वाचली आणि परत केली.

"लक्ष नव्हतं हे कारण नाही, बाबा. निमित्त आहे. लक्ष कुठं होतं, ते लिहा."

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली. लालचिठ्ठ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. 'लक्ष नव्हतं' वर एक सरळ रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'लक्ष मुलीच्या चेहऱ्याकडे होतं. नगाकडे नव्हतं.'

ठकूनं आवाज पडू दिला नाही. "मला माहितीये तुम्ही का केलं ते. पण बघा ना, तिन्ही चुका एकाच जातीच्या आहेत. तिन्ही ठिकाणी मी व्यासाला त्रिज्या धरलंय. रविवारीच चिठ्ठ्या मिळाल्या असत्या तर सातवी जात रविवारीच सापडली असती. खऱ्या परीक्षेत तिथं तीन गुण गेले असते, आणि तिथं रबर घेऊन कुणी बसलेलं नसतं."

लालचिठ्ठ्यांना शरमेनं मान वर करवेना. पण खरं सांगायचं तर त्या शरमेच्या आत दुसरंच काहीतरी उसळत होतं. आपण केलेली चूक, तीही खोडून झाकलेली, जिला फोरमनच काय, मालकही पकडू शकला नसता, ती हिनं पकडली. पकडून गप्प बसली नाही. हिला फुकट मिळालेले तीन गुण हिनं स्वतः होऊन परत आणून दिले. एवढा अभिमान त्यांना त्रेचाळीसच्या रविवारी वाटला नव्हता. पोर तयार झाली, हे त्यांना त्या गुरुवारी कळलं. गुण यायचे तेव्हा येतील.

'पुढं काय' या ओळीत त्यांनी लिहिलं, 'चिठ्ठी बंद होईपर्यंत पेपर आईनं तपासावा.'

"अगं बाई!" आई म्हणाली. "मला आणि त्यात कशाला?"

पण तिनंच तपासले. उत्तरपत्रिका आणि उत्तरसूची शेजारी ठेवून, एकेका अक्षरावर पट्टी सरकवत, बोर्डावर नंबर जोडावेत तशी. लालचिठ्ठे तेवढा वेळ बाहेर चकरा मारत. सातवी जात खोक्यात आली. 'व्यास' किंवा 'त्रिज्या' शब्द दिसला की त्याभोवती आधी गोल, मग पुढचं. दोन रविवारांनी आकडा एकशे चव्वेचाळीस झाला, आणि या वेळी तो अस्सल होता. पुढं तो हळूहळू चढतच गेला, पण आई मजल्यांवर सांगायला गेली नाही. तिलाही आता पद्धत लागली होती.

परीक्षा झाली. ठकू केंद्रातून बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पाहून काही कळत नव्हतं. "व्यासाचे चार आले होते," एवढंच ती म्हणाली. "चारही गोल केले."

पंधरा दिवसांनी संस्थेनं अधिकृत उत्तरसूची लावली. निकालाला अजून नऊ दिवस होते. ठकूकडे उत्तरपत्रिकेची कार्बन प्रत होती. आईनं पट्टी घेतली आणि बाह्या सरसावल्या.

"तू नको," ठकू म्हणाली. "बाबा तपासतील. त्यांची चिठ्ठी उघडी आहे."

"अगं, आज? एवढ्या मोठ्या कामाला?"

"मोठंच काम हवं."

लालचिठ्ठ्यांनी हात धुतले. खुर्ची वळवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले, म्हणजे समोर कुणाचा चेहरा नको. एक ते दोनशे, पेन्सिलनं. एकशे बाराव्या प्रश्नाशी ते अडले. तिथं उत्तरासाठी रंगवलेला गोळा फिसकटला होता, दोन पर्यायांच्या मध्ये. त्यांनी खिशातलं भिंग लावलं, प्रत उजेडाकडे तिरकी केली.

"तो 'ब' आहे," ठकू म्हणाली. "मी 'ब'च केला होता. पक्कं आठवतंय."

"बरोबर उत्तर 'ब'च आहे," आई म्हणाली. "मग झालं की!"

"मला दिसत नाही." लालचिठ्ठ्यांनी फुली मारली. "शंका आली की नग बाजूला."

"पोटच्या पोरीला एक गुण देववत नाही तुम्हाला? माणूस आहात की लोखंडी पाना?"

"मागच्या वेळी दिले होते," ते भिंतीकडे बघूनच म्हणाले. "तीन."

मग मोजणी, मग पुन्हा सगळं पाहून शाई. पाऊण तासानं ते वळले. "एकशे सत्तावन्न."

कुणी किंचाळलं नाही. ठकूनं आकडा एका कागदावर लिहून घेतला आणि खोक्यावर चिकटवला. पुढचे नऊ दिवस घरात फार हळू गेले. यंदाची रेघ कुठं पडेल ते कुणालाच माहीत नव्हतं. आई इस्पितळात चुकीचे नंबर जोडायला लागली, जे बावीस वर्षांत घडलं नव्हतं.

निकाल दुपारी लागला. ठकूनं यादी उघडली आणि आपला क्रमांक बोटानं शोधत खाली आली. रेघ एकशे एकोणपन्नासवर. ती स्वतः एकशे सत्तावन्नवर. एक कमी नाही, एक जास्त नाही. फिसकटलेला गोळा संस्थेनंही धरला नव्हता.

आई पदरानं डोळे पुसत हसत होती आणि हसत रडत होती. "पोरीनं नाव काढलं हो," म्हणत तिनं आधी ठकूला जवळ घेतलं, मग नवऱ्यालाही, जे तिनं चारचौघांत कधी केलं नसतं. लालचिठ्ठे खुर्चीवर बसले आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहू लागलं, आणि त्यांनी ते पुसलं नाही.

ठकू उठून आत गेली. चपलांच्या खोक्यातून तिनं एक चिठ्ठी काढली. बाकीच्या सगळ्या बंद झाल्या होत्या, ही एकटी उघडी होती. ती टेबलावर ठेवून तिनं तळाच्या चौकटीत तारीख घातली आणि आपलं पूर्ण नाव लिहून ठसठशीत सही केली.

दुसऱ्या दिवशी लालचिठ्ठ्यांनी ती चिठ्ठी कारखान्यात नेली आणि आपल्या टेबलाच्या वर, गेजच्या शेजारी, चारही कोपरे नीट दाबून लावली. फोरमन लांबूनच लाल रंग बघून आला. कुणाची चूक आहे ते बघायला तो नेहमीच येई.

त्यानं चिठ्ठी वाचली. मग चूक करणाऱ्याचं नाव वाचलं. मग चिठ्ठी पुन्हा वाचली. एकतीस वर्षं ज्या संधीची त्यानं वाट पाहिली होती ती अशी भिंतीवर टांगलेली होती. त्याचं तोंड उघडलं, पण तिसऱ्या ओळीशी त्याची नजर थांबली आणि तोंड मिटलं. त्यालाही दोन मुली होत्या.

"तुमची चिठ्ठी बंद कुणी केली म्हणायची?" त्यानं विचारलं. "ही सही आपल्यातल्या कुणाची दिसत नाही."

"नाही." लालचिठ्ठ्यांनी पुढचा नग उचलला आणि गेजमध्ये घातला. "पण नीट बघून ठेवा. चार वर्षांनी ड्रॉइंगच्या खाली येईल."